पैसे भरून गवंडीकाम

आमची गाडी गेली की तो गवंडी आम्ही रचलेले ब्लॉक उतरवून पुन्हा रचतो, हे मला कळलं ते केवळ विसरलेला चष्मा आणायला मागे फिरलो म्हणून. माल ओलाच होता. तो एकेक ब्लॉक थापीने खरवडत होता, ओळंबा सोडत होता आणि बायकोकडून माल घेत होता. मला बघून तोच ओशाळला.

गोष्ट २०१८ ची, श्रीलंकेतल्या हॅटनजवळच्या चहामळ्यावरची. मी पांडेसऱ्यातला. वडील जीआयडीसीतल्या डाइंग मिलमध्ये, गाव पारोळ्याकडचं, शिक्षण मनपाच्या मराठी शाळेत. खानदेशातून सुरतेला आलेल्या कुठल्याही घराची हीच कथा. परदेशात जाऊन गरिबांची घरं बांधायची आणि शनिवार-रविवार समुद्रावर, असा कार्यक्रम एका संस्थेने आखला होता. फी भरली आणि गेलो. मामा कडिया, नाक्यावर उभा राहून काम मिळवणारा. तो म्हणाला, "पैसा दिसन ईटा उचलाले जास का रे?" मला राग आला होता.

मळ्यातले तमिळ मजूर इंग्रजांनी नेलेल्यांचे वंशज. १९४८ च्या कायद्याने बहुतेकांचं नागरिकत्व गेलं, शेवटच्या लोकांना ते मिळायला २००३ उजाडलं. राहायला 'लाइन', म्हणजे एका ओळीत चिकटलेल्या दहा बाय बाराच्या खोल्या. मला त्यात नवल काही वाटलं नाही; आमच्या वरच्या खोलीत दोन पाळ्यांचे कामगार आळीपाळीने एकाच गादीवर झोपत. नवल वाटलं ते नव्या घराबरोबर सात पर्च जमीन मिळते याचं. म्हणजे जवळपास १,९०० चौरस फूट! खरं सांगतो, हेवा वाटला. भारत सरकारनेही त्या डोंगरात ४,००० घरं मंजूर केली होती, २०१७ साली मोदींनी नॉरवूडला आणखी १०,००० जाहीर केली.

पण तो गवंडी काही डोक्यातून जात नाही. दुसऱ्या दिवशी सगळे सरळ भिंतीला टेकून फोटो काढत होते. मी संयोजकांना सांगितलं, तर म्हणाले, "तुमचा अनुभव महत्त्वाचा." मग त्याच्या रात्रीच्या कामाची मजुरी कोण देतं? कोणी नाही, ती 'शिकवण्यात' धरलेली. आमच्या एकेकाच्या फीमधून त्याची कित्येक महिन्यांची मजुरी सुटली असती. घरमालकीण पत्ती खुडणारी. आमच्यासाठी चहा करायला, ब्लॉक वाहायला थांबली की तिचा रोज बुडे. तिथले मजूर तेव्हा दिवसाला १,००० रुपये मागत होते, मूळ रोज होता ५००. मागणी पुरी झाली २०२१ मध्ये. चहा मात्र ती दोनदा करायची, बिस्किटं वेगळी. नको म्हटलं तर वाईट वाटायचं तिला.

माझं मत असं, की जायचंच असेल तर आधी ओळंबा धरायला शिका. नाहीतर घमेली उचला, भिंतीला हात लावू नका. मी पुढचे दिवस मालच कालवला. सोबतची जर्मन पोरगी म्हणाली, तू फार गंभीर झालास.

आणि शुक्रवारी दुपारी मीच सगळ्यांच्या आधी बॅग भरली! हॅटनहून आगगाडीने खाली कोलंबो, तिथून गॉलकडे जाणारी गाडी, रूळ आणि लाटा यांच्यात मोजके दगड. उनावटुनाचं पाणी असं निवळ की पायाची बोटं दिसत. डुमासच्या काळ्या रेतीत टोमॅटोची भजी खात वाढलेल्या माणसाला समुद्रात मनसोक्त डुंबता येतं हेच ठाऊक नव्हतं. शहाळी, तळलेला मासा, रात्री उशिरापर्यंत गाणी. एकदाही मला त्या भिंतीची आठवण झाली नाही.

आता मिलमधली पोरं विचारतात, जावं का? फी ऐकवतो, गवंड्याचंही सांगतो. ती ऐकून घेतात आणि उनावटुनाच्या हॉटेलचं नाव विचारतात. मी देतो. खोली समुद्राकडची मागा, हेही सांगतो.