अंगी लागणे

आमच्या कोलंबसच्या (ओहायो) अंगणात एक पिन ओक आहे. खास शोभेचं झाड. खोड सरळसोट, वरच्या फांद्या आभाळाकडे, मधल्या आडव्या आणि खालच्या जमिनीकडे झुकलेल्या. शरद ऋतूत पानं लालबुंद होतात. थंडीत ती वाळतात, तरी कोवळं झाड बरीचशी पानं वसंतापर्यंत सोडत नाही.

गेले दोन उन्हाळे मात्र पानं भर जूनमध्येच पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. आई म्हणाली, "अगं, कावीळ झालीय याला!" बाबा गेल्यापासून आई आमच्याकडेच असते.

माती तपासून घेतली. सामू ७.६. मातीत लोह असतं हो, पण माती अशी अल्कधर्मी असली की ते मुळांना घेता येत नाही. पिन ओक हा मूळचा ओलसर, आम्लधर्मी जमिनीतला. इथली माती चुनखडीची.

"म्हणजे ताट भरलेलं, पण अंगी लागत नाही," आई म्हणाली आणि गप्प झाली.

मग मीही गप्प. तिला इथे काय कमी आहे? स्वतंत्र खोली, मराठी वाहिन्या, नातवंडं. तरी ती वाळत चाललीय, हे मला दिसत होतंच. साताऱ्याच्या घराचा विषय मात्र दोघीही टाळत होतो.

झाडाचे उपचार सुरू आहेत. मुळांशी चिलेटेड लोह, शिवाय गंधक. गंधकाने सामू उतरतो, पण चुनखडीच्या मातीत फारच सावकाश. लाकडाच्या ढलप्यांचा दोन-तीन इंचांचा थर, बुंध्यापासून जरा दूर. छाटणी फक्त कडक थंडीत, कारण उन्हाळ्यात ताज्या कापावर भुंगेरे येतात आणि ओक विल्टची बुरशी आणू शकतात. या जातीचा ओक त्याने एका हंगामातही मरतो.

यंदा नवी पानं थोडी हिरवी आलीत. पण एवढं मोठं झाड उपटून त्याच्या मातीत नेता येत नाही. आईला नेता येतं. शेवटी मीच विषय काढला. नोव्हेंबरचं तिकीट काढलंय. परतीचं काढलेलं नाही, ते तीच ठरवेल.

त्या दिवसापासून ती दोन घास जास्त जेवतेय. आणि मला रोज बजावतेय, "पाऊस नसला की आठवड्यातून एकदा भरपूर पाणी घाल गं त्याला. नुसतं शिंपडू नकोस."