वसमतमार्गे आलेला डबा

गाडी गाठायला नव्हे, डबा गाठायला बसस्थानकावर जाणारी पोरं नांदेडला कितीतरी वर्षं दिसत आली आहेत. गाव शिरड शहापूर असेल, तर डबा वसमतमार्गे येतो. कडीचा, स्टीलचा, झाकणावर ऑइलपेंटनं आडनाव आणि गाव, वरून फडक्याची गाठ. आत ज्वारीच्या भाकरी, कारळाची चटणी आणि पातळ भाजी सांडेल म्हणून कोरडा झुणका.

ज्याच्या डब्याची ही गोष्ट, तो आता पन्नाशीला टेकला आहे. लहानपणी डबा वाहून नेण्याचं काम त्याच्याकडे होतं. आईनं बांधलेली भाकरी शेतात बापाला पोचवायची आणि मग शाळा. मल्लिनाथाच्या दर्शनाला लांबलांबून जैन यात्रेकरू येतात, त्यामुळं गावाला परकी माणसं नवी नव्हती. आपणच कुठंतरी परके ठरू, हे मात्र त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला त्यानं नांदेडला नाव घातलं ते 1994च्या पावसाळ्यात. तेव्हा शिरड शहापूर परभणी जिल्ह्यात होतं. हिंगोली जिल्हा व्हायला 1 मे 1999 उजाडायचा होता. नांदेडची कॉलेजं औरंगाबादच्या विद्यापीठाला जोडलेली होती आणि त्या विद्यापीठाचा नामविस्तार त्याच वर्षी 14 जानेवारीला झालेला. पुढं 17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं. म्हणजे पोरगं आणि विद्यापीठ, दोघंही पहिल्या वर्षाला!

दहावीपर्यंत तो बल, वेग, त्वरण शिकलेला. अकरावी-बारावीला वसमतला सर इंग्रजी पुस्तक मराठीत फोडून सांगायचे. नांदेडला ती सोय संपली. फळ्यावरचं गणित समजायचं, पण शंका विचारायला इंग्रजी वाक्य जुळायचं नाही, आणि ते जुळेपर्यंत तास संपलेला असायचा. मागच्या बाकावरची शांतता ही पुष्कळदा मठ्ठपणाची नसते, अडलेल्या वाक्याची असते. गावात पावलापावलाला ‘कुणाचा रे तू?’ असं विचारणारी माणसं होती. इथं ते विचारणारंही कुणी नव्हतं.

मेसमध्ये पोळी मिळायची. भाकरीवर वाढलेल्या पोटाला पोळी म्हणजे न्याहारी. जेवण झाल्यासारखं वाटतच नसे. म्हणून डबा. फडक्याच्या गाठीत कधी धाकट्या बहिणीच्या अक्षरातली चिठ्ठी यायची, मजकूर आईचा: ‘कापूस वेचणीला आलाय, माणसं मिळेनात. पण तू येऊ नको.’ हे ‘पण तू येऊ नको’ वाचलं की अभ्यासाचा तास बुडायचा. शनिवारी तो निघायचाच. शेतकऱ्याच्या पोराचं पहिलं वर्ष नेमकं सुगीच्या तोंडावर रंगात येतं. तेव्हा कापूस होता, आता सोयाबीनची काढणी. कॉलेजच्या चाचण्याही त्याच सुमाराला.

डब्यानं शहराशी जुळवून घेणं लांबवलं, हे कबूल करायला हवं. रोज सकाळी बसस्थानकावर जाणारा मुलगा ग्रंथालयात उशिरा पोचतो. मेसमधल्या ओळखी त्याच्या होत नाहीत. पण त्याच खोलीत लोह्याचा, किनवटचा, मुखेडचा डबा यायचा, आणि एखादी गाडी चुकली तर चौघांचं दोन डब्यांवर भागायचं. त्याला पहिले मित्र मिळाले ते प्रयोगशाळेत नाही, चुकलेल्या गाडीमुळं.

कच्चं असणं या मुलखाला लाजिरवाणं वाटू नये. संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं आणि ते औंढ्याला विसोबा खेचरांकडे आले, अशी परंपरा आहे. औंढा तर शिरडच्याच वाटेवरचं. जवळचं उदाहरण हवं असेल तर वसमत तालुक्यातलं कुरुंदा घ्या. त्या गावचे नरहर कुरुंदकर शिक्षणासाठी हैदराबादला मामांकडे गेले आणि इंटरला एकदा नाही, अनेकदा नापास झाले. वाचन मात्र अफाट. अभ्यासक्रमाच्या चौकटीत मावेल इतकं थोडं नव्हतं. पुढं नांदेडला शाळामास्तर झाले, पदव्या उशिरा घेतल्या आणि पीपल्स कॉलेजचे प्राचार्य म्हणून 1982 साली गेले. नापास झाल्यावर त्यांना कुणी गावी परत बोलावून नांगराला लावलं असतं, तर मराठी वैचारिक लेखन किती उणं झालं असतं याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा.

आपल्या नायकाची लेक 2020 साली पहिल्या वर्षाला गेली, म्हणजे कुठंच गेली नाही. टाळेबंदीत कॉलेज मोबाइलवर आलं आणि ती रेंज शोधत माळवदावर. तिनं घरचं ताटच खाल्लं, पण वर्ष संपलं तरी वर्गातल्या एकीचाही चेहरा नीट पाहिलेला नव्हता. दुसऱ्या वर्षी ती नांदेडला राहायला गेली आणि दिवाळीत एसटीचा संप लागला, तो 2022च्या एप्रिलपर्यंत चालला. मग बाप मोटारसायकलवर वसमतला जाऊन काळीपिवळीत डबा देऊ लागला. एसटी होती तेव्हा तिच्या खडखडाटाला नावं ठेवणाऱ्यांनी त्या महिन्यांत काळीपिवळीची भाडी मोजली.

निदान तिला राहायला जाऊ दिलं. गावातल्या कित्येक मुलींना ‘अप-डाऊन करणार असशील तरच’ या अटीवर कॉलेज मिळतं. त्यांचं पहिलं वर्ष पासवर आणि गाडीच्या वेळेवर चालतं. विद्यार्थ्यांच्या पासाला दोनतृतीयांश सवलत आहे, 2023च्या मार्चपासून महिलांना तिकीटही अर्धं आहे. शेवटचा तास पाचला सुटला आणि गाडी पावणेपाचला गेली, तर यातली कुठलीच सवलत कामाला येत नाही.

नव्या मुलांना रुळवण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगानं 2019 साली ‘दीक्षारंभ’ नावाचा उपक्रम आखून दिला. हेतू चांगला आहे. बऱ्याच ठिकाणी हार, शाल आणि भाषणांत तो उरकतो. प्राध्यापक मंडळींना त्यापेक्षा दोन साध्या विनंत्या: पहिल्या सत्रात शंका मराठीतून विचारू द्या, उत्तर हवं तर इंग्रजीत द्या. आणि वेळापत्रक लावण्याआधी एकदा बसस्थानकावर जाऊन शेवटच्या गाड्यांच्या वेळा उतरवून घ्या.