वेसेक्सच्या घरातले पाहुणे

इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत सुट्टीसाठी भाड्याने मिळणाऱ्या मोठ्या कॉटेजांमध्ये आता कुत्र्यांनाही आवर्जून बोलावलं जातं. तीन-चार कुटुंबं, त्यांची मुलं आणि त्यांचे कुत्रे चार दिवस एका छपराखाली राहतात. बहुतेकांच्या मनात या स्वागताचा अर्थ ‘कुत्र्याला सगळीकडे मोकळीक’ असा असतो. माझ्या मते ती मोकळीकच कुत्र्याला जड जाते. याचा उत्तम पुरावा म्हणजे डॉर्चेस्टरजवळ ‘मॅक्स गेट’ या घरात कादंबरीकार थॉमस हार्डींकडे वाढलेल्या वेसेक्सचं आयुष्य.

वेसेक्स हा राठ केसांचा टेरियर, जन्म ऑगस्ट १९१३चा. हार्डींनी आपल्या कादंबऱ्यांमधल्या प्रदेशाला दिलेलं नावच त्याला मिळालं. त्याला घरात आणलं फ्लॉरेन्स यांनी; पुढच्याच वर्षी त्यांचा हार्डींशी विवाह झाला. घरात मूलबाळ नव्हतं आणि कुत्र्याला कुणी अडवत नव्हतं. पाहुणे जेवायला बसले की तो टेबलावर चढून फिरायचा आणि त्यांच्या तोंडाशी जाणाऱ्या घासावर हक्क सांगायचा. रेडिओ आला तेव्हा तो लावून द्या म्हणून हट्ट धरायचा. पोस्टमनला तो चावला, नोकरमाणसांनाही त्याचा धाक होता, आणि कादंबरीकार जॉन गॉल्सवर्दी यांची पँट त्याने फाडली. याला दुष्टपणा म्हणणं अन्यायाचं ठरेल. कोणती जागा आपली आणि कोणती नाही, हे त्याला कधी कुणी दाखवलंच नाही. त्यामुळे सगळं घर राखायचं काम त्याने स्वतःच्या अंगावर घेतलं, आणि त्या घरी तर सतत पाहुण्यांचा राबता.

कुणी म्हणेल, तो स्वतःच्या घरात होता. भाड्याच्या घरात कुठलाच कुत्रा मालक नसतो. पण कुत्र्याला भाडेपट्टा कळत नाही. आपल्या माणसांचे बूट, पिशव्या, अंथरुणं जिथे पडली ती जागा तो लवकरच आपली मानू लागतो. एका स्वयंपाकघरात तीन कुटुंबांचे तीन कुत्रे असे जागा धरून बसले, की एका खाली पडलेल्या सॉसेजवरूनही मारामारी जुंपते. टेरियरची जातच तापट, हा आक्षेप अधिक वजनदार आहे, पण पुरता खरा नाही. सैनिक-लेखक टी. ई. लॉरेन्स १९२३पासून मॅक्स गेटला येऊ लागले, आणि त्यांच्याशी याच वेसेक्सचं छान जमलं. ओळख पटली की चावरा म्हणून गाजलेला कुत्राही माणूस निवडून वागतो. म्हणून एकत्र जाणाऱ्या कुटुंबांनी कुत्र्यांची पहिली भेट कॉटेजच्या दारात घडवू नये. आधी बाहेर, मोकळ्या रस्त्यावर त्यांना बरोबर चालवावं. आत प्रत्येकाला स्वतःचं अंथरूण आणि स्वतःचा कोपरा असावा, जेवण वेगवेगळ्या खोल्यांत द्यावं, आणि निजलेल्या कुत्र्याजवळ मुलांना जाऊ देऊ नये.

मग कुत्र्याला घरीच का ठेवू नये? काही कुत्र्यांसाठी तेच बरं. म्हाताऱ्या, भित्र्या कुत्र्याला गर्दीत नेणं म्हणजे त्याचे हालच. पण माणसांत रमणाऱ्या कुत्र्याला दूर ठेवणं हीदेखील शिक्षाच असते. २७ डिसेंबर १९२६ रोजी वेसेक्स गेला, तेव्हा शहाऐंशी वर्षांच्या हार्डींनी त्याच्या थडग्याचा दगड स्वतः आखून दिला. इतका जीव जिथे जडतो, तिथे ‘घरी ठेवा’ हे सरसकट उत्तर होऊ शकत नाही.

‘कुत्र्याला एकटं सोडून जाऊ नका’, ‘पलंगावर चढवू नका’ असे कॉटेजचे नियम काहींना अपमानाचे वाटतात. मला त्यांत आपुलकी दिसते. परक्या घरात कोंडलेला कुत्रा दार ओरबाडतो तो घाबरून. बाहेरच्या नियमांमागेही काळजीच आहे. सर्वांना खुल्या असलेल्या माळरानांवर १ मार्च ते ३१ जुलै कुत्रा जास्तीत जास्त दोन मीटरच्या दोरीवर ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे, कारण तेव्हा पक्ष्यांची घरटी जमिनीवर असतात. गुरं-मेंढरं जवळ असली तर वर्षभर. मेंढ्यांमागे लागलेल्या कुत्र्याला शेतकऱ्याने गोळी घातली, तर कायदा अनेकदा शेतकऱ्याच्या बाजूने उभा राहतो. हे कॉटेजमालकाने किल्ली हातात देतानाच सांगावं, आणि वेगळ्या कोपऱ्यांची सोय नसेल तर दोनच कुत्रे घ्यावेत, भाडं बुडालं तरी.