कुंभार्लीच्या पायथ्याशी

चिपळूणहून कराडला निघालेल्या माणसाला पोफळीपर्यंत सह्याद्री नुसता समोर दिसतो; पोफळी सुटली की तो अंगावर येतो. कुंभार्ली घाट काही महाराष्ट्रातला सर्वांत अवघड घाट नव्हे. पण गाडीच्या पोटात काय दुखते आहे ते बिनचूक सांगणारा वैद्य मात्र तो आहे.

आमची गाडी सतरा वर्षांची. जीपच्या कुळातली, उंच, सात माणसांची. बरोबर पत्नी आणि तिची आत्या. आत्यांचे जन्मगाव कोयनेच्या खोऱ्यातले. १९६० नंतर धरणाचे पाणी चढले तेव्हा ते बुडाले नि लहानग्या आत्या घरच्यांबरोबर खाली कोकणात आल्या. आता पंचाहत्तरीच्या घरात पोचल्यावर, “गाव नाही तर नाही, ते पाणी तरी एकदा डोळ्यांनी बघू दे,” एवढेच त्यांचे मागणे होते.

तिसऱ्या की चौथ्या वळणावर काटा लाल रेघेला टेकला नि टपाखालून वाफेचा लोट उठला. अशा वेळी झाकण उघडायला धावू नये. आतले पाणी दाबाखाली असते, शंभर अंशांच्या पुढे जाऊनही ते उकळत नाही. झाकण सुटले की सगळे एकदम तोंडावर येते. तासभर थांबलो. मग दिसले, रेडिएटरच्या वरच्या टाकीला, नळीच्या तोंडाशी, केसाएवढी चीर गेली होती. ओढ्याचे पाणी भरून, दाब साठू नये म्हणून झाकण सैल ठेवून, थांबत थांबत चिपळूण गाठले.

तिथल्या गॅरेजच्या भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर एक तपकिरी रेघ होती. २२ जुलै २०२१ च्या महापुराची. मिस्त्री तिशीतला. हत्यारे चिखलातून उपसून त्याने धंदा पुन्हा उभा केलेला. चिरेवर बोट फिरवून तो म्हणाला,

“काका, पितळेचा असता तर आमच्या वडलांनी अर्ध्या तासात डाख दिला असता. ह्याच्या नळ्या ॲल्युमिनियमच्या, टाकी प्लॅस्टिकची. ऊन-गार, ऊन-गार होऊन प्लॅस्टिक ठिसूळ होतं. हा बदलायचाच.”

“लुकण लावून नाही का भागणार?” आत्यांनी विचारले.

“आजी, लुकण बाजारपेठेत फिरण्यापुरतं टिकेल, घाटात नाही. इंजिन तापून हेड वाकलं, तर ह्या वयाच्या गाडीवर तेवढा खर्च कोण करणार? ती भंगारातच जाईल.”

आत्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “साठ वर्षं थांबले, एक रात्र काय!”

नवा रेडिएटर रात्रीच्या गाडीने कराडहून तोच घाट उतरून आला. सकाळी मिस्त्रीने खालची तोटी उघडून पाणी घमेल्यात काढले, वरची-खालची रबरी नळी सोडवली, पंख्याभोवतीचे कवच बाजूला केले, चार बोल्ट काढून जुने धूड वर उचलले. नवा त्याच्याशेजारी उभा करून नळ्यांची तोंडे नि बोल्टांची भोके जुळवून पाहिली. मगच तो रबरी बैठकीवर बसवला. नळ्याही नव्या घातल्या. “जुन्या नळीनं नव्याला दगा द्यायला नको.” निम्मे कूलंट नि निम्मे शुद्ध पाणी भरले; ओढ्याच्या पाण्यातले क्षार आत पुटे धरतात म्हणे. मग झाकण उघडे ठेवूनच थंड इंजिन सुरू केले. बुडबुडे येत राहिले, पातळी खाली जात राहिली, तो भरत राहिला. आतली हवा पुरती निघाल्याखेरीज त्याने झाकण लावले नाही.

आत्या त्या बुडबुड्यांकडे बघत होत्या. “एवढ्याशा पाण्यावर गाडी चालते होय!” त्या म्हणाल्या.

एवढ्याशाच पाण्यावर आम्ही घाट चढलो. वाटेतल्या पोफळीला डोंगराच्या पोटात वीजघर आहे. कोयनेचे पाणी बोगद्यांतून तिथे पडते, वीज देते नि वाशिष्ठीला मिळून चिपळूणवरून दाभोळच्या समुद्राला जाते. सगळे टप्पे मिळून प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट. आत्यांचे शेत, अंगण, तुळस ज्या पाण्याखाली आहे, तेच हे पाणी. काटा मात्र साऱ्या चढणीत मध्याच्या वर सरकला नाही.

हेळवाकवरून कोयनानगरला पोचलो. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने हे गाव उद्ध्वस्त केले होते. जलाशय नजरेत येताच गाडी थांबवली. पाऊस नुकताच सरलेला. शिवसागर काठोकाठ भरला होता. कळस नाही, भिंत नाही, ओळखीचे झाड नाही. आत्या बराच वेळ उभ्या होत्या. मग उत्तरेकडे हात करून म्हणाल्या, “त्या टेकडीच्या पलीकडं. टेकडी तेवढी तीच आहे.”

त्यांनी डब्यातली भाकरी मोडून एक तुकडा पाण्याच्या दिशेने ठेवला नि उरलेली आम्हाला वाटली.