स्लॅब टाकल्यानंतर

निराधार वृद्धांच्या निवाऱ्याचा स्लॅब टाकला, त्या दिवशी तासगावकरांनी हात आखडता घेतला नाही. कुणी सिमेंट पाठवलं, कुणी मजुरांच्या जेवणाचा खर्च उचलला. पुढं काम रखडलं. स्लॅब डोळ्यांना दिसतो. शौचालयाच्या पाइपला, दाराच्या कडीला दाता मिळत नाही. आत राहायला यायची माणसं तोवर शेजारच्या पत्र्याच्या खोलीत दिवस काढत होती.

मग आम्ही पैशांऐवजी सामान मागायला लागलो. घर बांधलेल्या प्रत्येकाच्या अंगणात काही ना काही उरलेलं असतंच. सावळज, मणेराजुरीकडं द्राक्षबाग काढलेल्या रानांच्या बांधावर मांडवाचे लोखंडी अँगल पडून होते. एका शेतकऱ्यांनी ट्रॉली स्वतः भरून दिली. "भंगारात घातलं तर चार पैसं येतील आन् जातील. तिथं कुंपणाला तरी लागू द्या," एवढंच म्हणाले. उभी बाग काढून टाकलेल्या माणसाचे ते शब्द मला फार मोठे वाटले.

मिळेल ते घेऊन चालत नव्हतं. सिमेंटची गोणी आली की ती कधी आणलेली, हे आधी विचारायचं. 3 महिन्यांपुढं सिमेंटचा जोर कमी होत जातो, आणि हाताला खडे लागले की मिस्त्री ती गोणी बाजूलाच काढायचे. एका दुकानदारांनी चकचकीत पांढऱ्या फरशा देऊ केल्या. मिस्त्रींनी एकीवर तांब्याभर पाणी ओतलं आणि अनवाणी टाच फिरवली. "म्हातारं माणूस हितं घसरलं की खुबा गेलाच." दुकानदारांनी दुसऱ्या दिवशी खरखरीत फरशा पाठवल्या.

शौचालयात धरायला दांडी कुठं बसवायची, हे मिस्त्रींनी टेपनं ठरवलं नाही. पत्र्याच्या खोलीतल्या एका आजींना बोलावून खुर्चीवर बसवलं. "आजी, आता उठा बगू." उठताना त्यांचा हात आपसूक भिंतीकडं गेला. जिथं टेकला, तिथं मिस्त्रींनी पेन्सिलनं खूण केली. दारही बाहेर उघडणारं लावलं. आत कुणी पडलं तर आत ढकलायचं दार त्याच्याच अंगाला अडतं.

गाडगेबाबांनी पंढरपूरला, नाशिकला धर्मशाळा उभारल्या आणि त्याच हातानं गावोगाव खराटा चालवला. त्यांच्या नावाचं ग्रामस्वच्छता अभियान 2000 साली सुरू केलं ते आमच्याच तालुक्यातल्या अंजनीच्या आर. आर. आबा पाटलांनी. त्या तालुक्यात निवाऱ्याचं शौचालय शेवटी राहावं, हे मला सहन होत नव्हतं. आमच्या तासगावच्या गणपतीच्या देवळाचं काम पटवर्धनांच्या काळात 1779 ते 1799 असं वीस वर्षं चाललं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला वीस वर्षं थांबा म्हणता येत नाही.

आता तिथं माणसं राहतात. वरच्या मजल्याचा गिलावा अजून बाकी आहे.

तुमच्या घराचं काम उरकलं असेल तर उरलेला माल पावसात भिजवू नका. जवळच्या निवाऱ्यात जा, काय अडलंय ते विचारा आणि तेच द्या. नळाची तोटी म्हणाले, तर तोटीच द्या.