ट्रॅक्टर आमच्या रानाच्या मापाचा



दागिने, भांडी, फ्रीज यांच्या खरेदीत आपलं मत सगळे विचारतात. ट्रॅक्टरचा विषय निघाला की मात्र चहा देऊन आपण आत जायचं! या वेळी मी चहा दिला आणि तिथंच बसले. कारण कर्जाचा हप्ता शेवटी आपल्याच संसारातून जायचा असतो.

आमचं रान पावणेतीन एकर. सव्वा एकर द्राक्षबाग, दीड एकर ऊस. धाकट्या भाऊजींचं म्हणणं, "वहिनी, घ्यायचा तर पंचेचाळीस एचपीचा घेऊ. दारात उभा राहिला की शोभला पाहिजे." हे गप्प होते. मामंजींनी एवढंच विचारलं, "आणि बैलांचं काय?"

मी म्हटलं, आधी रान मोजूया. बागेत दोन ओळींत नऊ फूट अंतर आहे, पण दोन्ही बाजूंनी वेली लोंबल्या की जेमतेम सहा फुटांची वाट उरते. मोठा ट्रॅक्टर तिथून गेला तर काड्या मोडणार, घड घासणार. उसाची सरी साडेचार फुटी, म्हणजे भरणीला तो आत शिरणारच नाही. चोवीस-पंचवीस एचपीचा छोटा ट्रॅक्टर साधारण साडेतीन फूट रुंद असतो. तो दोन्हीकडे चालतो आणि बांधाजवळच्या अपुऱ्या जागेत वळतोही. शिवाय वजन मोठ्याच्या जवळपास निम्मं, त्यामुळे माती कमी दबते.

महिंद्रा, स्वराज, कुबोटा, व्हीएसटी अशा कंपन्यांचे छोटे ट्रॅक्टर बाजारात आहेत. कुठला चांगला, हे मी सांगणार नाही. आम्ही काय पाहिलं ते सांगते. चारही चाकांना ताकद मिळते का, हे पहिलं. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारणी थांबवता येत नाही आणि तेव्हा रान ओलं असतं. दुसरं म्हणजे पीटीओ. ब्लोअर आणि चार फुटी रोटाव्हेटर तो दमदारपणे ओढतो का? तिसरं, दुरुस्तीचा माणूस किती लांब आहे? आणि चौथं, शोरूमच्या अंगणात नको, आमच्याच बागेत चालवून दाखवा, असा हट्ट धरला. आले दाखवायला!

किंमत विचारताना अवजारांसकट विचारा. नुसत्या ट्रॅक्टरच्या आकड्यावर घर हरखतं आणि रोटाव्हेटर, ब्लोअरचे पैसे मागून काढावे लागतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तोही बिलात बघून घ्या. अनुदानासाठी महाडीबीटीवर अर्ज करायचा असतो. लहान, महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना ५० टक्के, इतरांना ४० टक्के, तेही ठरलेल्या मर्यादेपर्यंत. पूर्वसंमती हातात आल्याशिवाय खरेदी करू नका. आणि मैत्रिणींनो, सातबारावर आपलं नाव आहे का, हे या निमित्तानं एकदा पाहाच.

भाऊजींनी रास्त शंका काढली, "खोल नांगरट कशी करायची?" काळ्या रानात छोट्याला ते झेपत नाही, हे खरंच आहे. पण उसाची लागण काही दर वर्षी नसते. त्या एका दिवसासाठी मोठा ट्रॅक्टर भाड्यानं आणायचा. एका दिवसाच्या कामासाठी वर्षभराचा हप्ता कशाला?

भगवान ऋषभदेवांनी असि-मसिबरोबर कृषीही शिकवली, म्हणून आपण शेतकरी जैन मान वर करून सांगतो. श्रावकाला उद्योगी हिंसा पूर्ण टळत नाही, हेही आपण जाणतो. पण ती कमी करणं आपल्या हातात आहे. यंत्र दारात आलं की गरज नसतानाही रोटाव्हेटर फिरवायचा मोह होतो. आम्ही ठरवलंय, बागेतलं गवत शक्यतो वरून कापायचं. माती उलथायची ती गरजेपुरतीच. परिग्रह परिमाणात क्षेत्र आणि वास्तू मोजायला सांगितलंय. मला वाटतं, एचपीही त्याच हिशेबात धरावा.

राहिला मामंजींचा प्रश्न. दोन्ही बैल थकलेत. बाजार दाखवायचा नाही, हे सासूबाईंनी आधीच सांगून टाकलं होतं. मग मोठ्या आणि छोट्या ट्रॅक्टरच्या हप्त्यांतला फरक मी कागदावर काढला. वाडं घरच्या उसाचं आहेच. पेंड आणि डॉक्टरचा खर्च त्या फरकात बसून वर थोडे पैसे उरत होते. कागद मामंजींच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि म्हणाले, "छोटाच घ्या."

छोटा ट्रॅक्टर आला. बैल गोठ्यातच आहेत. भाऊजी आता फवारणी उरकून उजेडी घरी येतात, त्यामुळे सूर्यास्ताआधी सगळ्यांचं जेवण एका पंगतीत होतं.

तुमच्या घरी असा विषय निघाला तर चहा ठेवून आत जाऊ नका. टेप घ्या आणि आधी सरी मोजा.