हरमजवळची खोली आणि हॉटेलचे पॉइंट

उमऱ्याचा इरादा पक्का झाला की घरात दोन गोष्टी एकदम सुरू होतात. एकीकडे दुआ, दुसरीकडे हिशेब. तिकीट किती, व्हिसा किती, मक्केत किती दिवस, मदीन्यात किती दिवस, अम्मी-अब्बांना चालवेल का, मुलांना नेता येईल का. अलीकडे या हिशेबात एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्येही तो बऱ्याचदा निघतो. कुणीतरी सांगितलेले असते, "मोठ्या हॉटेल कंपनीचे सदस्य व्हा. पॉइंट जमतात आणि पुढच्या वेळी हरमजवळ फुकट राहता येते."

हे खरे आहे का? थोडे खरे आहे. पण कोणासाठी खरे आणि कोणासाठी नाही, हे नीट समजून घेतलेले बरे. कारण यात गुंतलेला पैसा अनेक घरांत वर्षानुवर्षे बाजूला ठेवलेला असतो.

आधी ही पद्धत आली कुठून ते पाहू. अमेरिकन एअरलाइन्सने 1981 मध्ये वारंवार उडणाऱ्या प्रवाशांसाठी बक्षीस योजना सुरू केली. तिच्या यशानंतर 1983 मध्ये हॉलिडे इन आणि मॅरियट यांनी आपापल्या योजना आणल्या, 1987 मध्ये हिल्टनने. त्यांच्या डोळ्यांसमोर होता तो महिन्यातून चार वेळा कामासाठी फिरणारा माणूस. त्याचे बिल कंपनी भरते, हॉटेल मात्र तो स्वतः निवडतो. त्याने दर वेळी आपल्याकडेच यावे म्हणून त्याला पॉइंट द्यायचे, असा हा मामला. आयुष्यात एकदा किंवा दोनदा उमऱ्याला जाणारे कुटुंब त्यांच्या हिशेबात नव्हते.

तरीही मक्केत पाऊल ठेवले की या कंपन्यांची नावे चहूकडे दिसतात. हरमच्या दक्षिणेला 601 मीटर उंचीचा घड्याळाचा मनोरा आहे. त्या संकुलातील फेअरमॉन्ट, रॅफल्स, स्विसोटेल, पुलमन आणि मोवेनपिक ही नावे वेगवेगळी वाटली तरी सर्व अकोर या एकाच फ्रेंच समूहाची आहेत, आणि त्यांची सदस्य योजनाही एकच. जबल उमरच्या बाजूला हिल्टन, कॉनराड, मॅरियट आणि हयात आहेत. यांपैकी कॉनराड हिल्टनचेच. मदीन्यातही हिल्टन, पुलमन, मोवेनपिक मस्जिदे नबवीच्या जवळ आहेत. म्हणजे पॉइंट वापरायला जागा आहे. प्रश्न पॉइंट जमण्याचा आहे.

अकोरचे गणित सोपे आहे, म्हणून तेच घेऊ. नव्या सदस्याला त्यांच्या बहुतेक मोठ्या हॉटेलांत 10 युरो खर्चावर 25 पॉइंट मिळतात. 2,000 पॉइंट झाले की 40 युरोंची सूट. म्हणजे 800 युरो खर्च केले तर 40 युरो परत, शेकडा पाच. वरच्या दर्जाच्या सदस्याला जास्त मिळतात, पण तो दर्जा मिळायला वर्षात बऱ्याच रात्री राहावे लागते.

आता आपल्या रुपयांत पाहू. समजा, मोठ्या हॉटेलची खोली 15,000 रुपयांना आहे आणि दहा मिनिटे चालत असलेली साधी, स्वच्छ खोली 7,000 ला. पाच रात्रींचे पहिलीकडे 75,000 होतात, दुसरीकडे 35,000. पहिलीकडचे पॉइंट साधारण 3,750 रुपयांच्या किमतीचे, तेही पुढच्या वेळी वापरायचे. दुसरीकडे 40,000 रुपये आजच हातात राहतात. ज्याला पहिले हॉटेल त्याच्या जागेसाठी आणि सोयींसाठी हवे आहे आणि परवडते आहे, त्याने जरूर घ्यावे. पण केवळ पॉइंटसाठी ते घेणे म्हणजे चार आण्यांसाठी रुपया मोडणे.

यापेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे आणि ती बहुतेकांना कुणी सांगत नाही. आपण बहुतेक जण पॅकेजने जातो. व्हिसा, तिकीट, बस, जेवण आणि खोली यांचा एकच आकडा. खोली टूरवाल्याने गटासाठी घेतलेली असते. हॉटेल कंपन्यांचा नियम असा की खोली थेट त्यांच्याकडून, म्हणजे त्यांच्या वेबसाइटवरून, ॲपवरून किंवा फोनवरून घेतली तरच पॉइंट मिळतात. टूरवाल्याच्या गटातून किंवा बुकिंगच्या दुसऱ्या साइटवरून घेतली तर सहसा मिळत नाहीत. तुम्ही सदस्य असाल, काउंटरवर क्रमांकही सांगाल, तरी खात्यात शून्यच राहते. म्हणून "आमच्या पॅकेजमध्ये चार तारांकित हॉटेल आहे, तुमचे पॉइंटही जमतील" असे कोणी म्हणाले, तर ते लिहून मागावे.

थेट खोली घ्यायची म्हटले तरी कुटुंबाची गोष्ट निराळी असते. पॅकेजमध्ये चार जणांची किंवा पाच जणांची खोली मिळते, त्यामुळे माणशी खर्च उतरतो. मोठ्या हॉटेलातील नेहमीची खोली दोघांची असते, तिसऱ्या खाटेचे पैसे वेगळे. सहा माणसांचे घर असेल तर तीन खोल्या झाल्या. रमजानमध्ये तर दर कितीतरी पटींनी वाढतात आणि अनेक हॉटेले शेवटचा अशरा एकगठ्ठाच विकतात.

आम्ही गेलो तेव्हा मिसफलामध्ये, इब्राहीम खलील रस्त्यावर राहिलो. सोबत सासूबाई होत्या, वय बहात्तर, दोन्ही गुडघे दुखणारे. या रस्त्यावर हैदराबादी, बंगाली, पाकिस्तानी खाणावळी एकमेकींना खेटून आहेत. पहाटे फजरनंतर कबूतर चौकात दाणे विकणाऱ्यांची वर्दळ असते आणि उर्दू बोलणाऱ्याला कुठेही अडत नाही. खोली साधी होती, गालिचा जुना होता. पण तिथे राहून हॉटेल निवडताना काय पाहावे ते चांगले समजले.

पहिली गोष्ट अंतराची. पॅकेजच्या कागदावर लिहिलेले मीटर सहसा हरमच्या बाहेरच्या आवारापर्यंतचे असतात. तिथून मताफपर्यंतचे चालणे वेगळे, आणि तवाफ-सईचे चालणे त्याहून वेगळे. दुसरी गोष्ट चढ-उताराची. मक्का डोंगरांतले शहर आहे. सपाट रस्त्यावरचे 800 मीटर म्हाताऱ्या माणसाला चढावरच्या 400 मीटरपेक्षा सोपे जातात. तिसरी गोष्ट लिफ्टची. उंच मनोऱ्यातील हॉटेल हरमला लागून असले तरी नमाजच्या आधी आणि नंतर लिफ्टसमोर मोठी गर्दी होते. वरच्या मजल्यावरून खाली यायला लागणारा वेळ कधी कधी मिसफलाहून चालत येण्याइतका असतो. चौथी गोष्ट बसची. अजीजियासारख्या दूरच्या भागात खोली स्वस्त मिळते. पण नमाजच्या वेळी हरमकडचे रस्ते अडवले जातात आणि बस लांबच थांबते. जुम्म्याच्या दिवशी हा त्रास जास्त जाणवतो. सासूबाईंना दोन वेळा खोलीवर येऊन विसावा घेता आला, तो खोली चालण्याच्या अंतरावर होती म्हणून.

मदीन्यात आणखी एक गोष्ट बहिणींनी ध्यानात ठेवावी. मस्जिदे नबवीत स्त्रियांच्या नमाजच्या जागा उत्तरेकडच्या भागात आहेत. त्यामुळे उत्तरेच्या मरकजियातील साधे हॉटेलसुद्धा स्त्रियांना आणि वृद्ध आईला दक्षिणेकडच्या नामांकित हॉटेलपेक्षा सोयीचे पडते. ही बाब पॉइंटच्या कोणत्याही तक्त्यात सापडणार नाही.

मग या योजना कुणाच्या उपयोगाच्या? जो स्वतः थेट बुकिंग करतो आणि वर्षातून अनेक वेळा एकाच समूहाच्या हॉटेलात राहतो त्याच्या. आखातात नोकरी करणारे आपले कोकणातील आणि मराठवाड्यातील कितीतरी भाऊ यात मोडतात. माझे एक मेहुणे दम्मामला असतात. कामानिमित्त त्यांना जेद्दा आणि रियाधला सारखे जावे लागते. तीन वर्षांत त्यांनी मॅरियटचे पॉइंट जमवले आणि आई-वडील उमऱ्याला आले तेव्हा मक्केतील पाच रात्री त्यावर काढल्या. त्या योजनेत सलग पाच रात्री पॉइंटवर घेतल्या तर सर्वांत कमी पॉइंटची एक रात्र मोफत मिळते. हरम खिडकीतून दिसत होता. आई-वडिलांची जी खिदमत त्यांच्या हातून झाली, ती पगारातून तितकी सहज झाली नसती.

त्यांची एक गोष्ट मला विशेष आवडली. खोल्यांचे बिल कंपनी भरत होती, म्हणून पॉइंट स्वतःसाठी वापरण्याआधी त्यांनी कार्यालयात विचारले आणि होकार मिळाल्यावरच वापरले. अनेक कंपन्या याला हरकत घेत नाहीत, पण विचारणे हा अमानतीचा भाग आहे. पॉइंटसाठी साहेबांच्या पैशाने महागडे हॉटेल निवडणे मात्र कुठल्याही हिशेबात बसत नाही.

हॉटेलांच्या नावाची क्रेडिट कार्डेही आता भारतात मिळतात. त्यांचा विचार वेगळा करावा. बिल मुदतीत पूर्ण भरले नाही तर त्यावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागते. पॉइंटची पाच टक्के कमाई दोन महिन्यांत संपते आणि वर सूद पदरी पडते. उमऱ्यासारख्या सफरीत त्याची सावलीही नको. कार्ड घेण्याविषयी ज्यांच्या मनात शंका आहे त्यांनी आपल्या भागातील आलिमांना विचारावे.

आणखी एक, पॉइंट म्हणजे पैसा नव्हे. मॅरियट आणि हिल्टनमध्ये 24 महिने खात्यात काही हालचाल झाली नाही तर ते बाद होतात. एका रात्रीला किती पॉइंट लागतील हे कंपनी ठरवते आणि बदलते. हिल्टनने 2017 मध्ये आणि मॅरियटने 2022 मध्ये ठरावीक तक्ता काढून टाकला. त्यामुळे मागणी वाढली की पॉइंटही जास्त लागतात. "निवृत्तीनंतर हज-उमऱ्याला वापरू" म्हणून पंधरा वर्षे पॉइंट साठवणे शहाणपणाचे नाही.

पाहुण्याची कदर करण्याची आपली जुनी रीत याहून निराळी होती. मक्केत हैदराबाद संस्थानाच्या काळापासून रुबात आहे. जुन्या संस्थानातील हाजींची, म्हणजे तेलंगणाबरोबर आपल्या मराठवाड्याच्या आणि कर्नाटकातील काही जिल्ह्यांच्या हाजींची, हजच्या काळात तिथे मोफत राहण्याची सोय होते. जागा मर्यादित, म्हणून नावे कुऱ्याने निघतात. मुंबईतल्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यानेही कित्येक हाजींना आसरा दिला. तिथे कोणी किती वेळा आला याची नोंद ठेवून दर्जा ठरत नव्हता. आलेला माणूस मुसाफिर आहे एवढेच पुरेसे होते. मराठवाड्यातून हजला जाणाऱ्यांनी रुबातची चौकशी जरूर करावी. अनेकांना ती माहीतच नसते.

तर शेवटी सांगायचे ते एवढेच. सदस्य होणे मोफत आहे, थेट बुकिंगवर सदस्यांना दरात थोडी सूटही मिळते, तेव्हा कुणी थेट खोली घेणार असेल तर आधी सदस्य व्हावे. एकाच सदस्याच्या नावावर मॅरियटमध्ये तीन खोल्यांपर्यंत पॉइंट मिळतात, हेही मोठ्या कुटुंबाने लक्षात ठेवावे. मात्र खोली पॉइंट पाहून निवडू नये. टूरवाल्याला हॉटेलचे नाव विचारावे, "त्याच दर्जाचे दुसरे" या शब्दांवर थांबू नये. नकाशावर चालण्याचा रस्ता पाहावा, नुकत्याच जाऊन आलेल्या एखाद्या ज्येष्ठ बाईला विचारावे. आणि जे पैसे वाचतील त्यांतून घरातल्या आणखी एका माणसाला सोबत नेता आले, तर त्याहून मोठे बक्षीस कोणत्या योजनेत आहे? अल्लाह सर्वांना त्या घराची हाजिरी नसीब करो.